माशा बांधणे

पहिल्या वर्षाच्या पहिल्याच तासाला सरांनी प्रत्येकाला उभे करून नाव, गाव आणि छंद विचारला. वाचन, क्रिकेट, गाणी ऐकणे असे करीत करीत पाळी माझ्या बाकापाशी आली. "माशा बांधणे," मी म्हणालो. वर्गात हशा पिकला. माशा मारणे हा छंद बऱ्याच जणांना ठाऊक होता, काहींना तो चांगला साधलेलाही होता, पण बांधणे? सरही हसले आणि पुढच्या मुलाकडे वळले. तेव्हाचे राहिलेले उत्तर आज देतो.

गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून मासे धरणारे लोक आपण नदीकाठी पाहतोच. माझ्या गळाला यातले काही लागत नाही. कोंबड्याचे पीस, रेशमाचा दोरा आणि मोरपिसाचे दोनचार तंतू एवढ्या सामानातून नखाएवढ्या गळावर एक किडा उभा करायचा आणि तो पाण्यावर असा सोडायचा, की माशाने खरा समजून उचलावा. या खोट्या माशीला वजन नसते. म्हणून दोरीच जड घेतात आणि लवचीक काठीने ती मागेपुढे झुलवून फेकतात. युक्ती जुनी आहे. सुमारे १८०० वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या मासे धरणाऱ्यांविषयी लिहून ठेवले आहे; ते लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळीत आणि कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसे बांधीत. पुढे इंग्रज साहेब सामन माशासाठी ज्या नटव्या माशा बांधीत, त्यांत आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची पिसे असत. आता त्या पाखराला कायद्याचे संरक्षण आहे. माझे भागते गल्लीतल्या चिकनवाल्याकडच्या गावठी कोंबड्यावर.

हे सगळे मला मामाने शिकवले. तो लोणावळ्याला रेल्वेत होता. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्याकडे जाई. वळवणच्या तळ्याकाठी टाटांच्या केंद्रात खडशीची, म्हणजे महसीरची पिल्ले वाढवतात, हे पहिल्यांदा त्याच्याच तोंडून ऐकले. कर्नल साइक्सने १८३९ साली या माशाची शास्त्राला ओळख करून दिली, ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून! आज त्या पाण्याकडे पाहून यावर विश्वास बसत नाही. मामा शिकंजात गळ धरून बांधत असे आणि मी दोऱ्याला मेण लावून देत असे. दहावीनंतर मी आय.टी.आय.ला गेलो, मग चाकणला कामाला लागलो. बारा तासांच्या पाळीत माशा सुचत नाहीत. मामाही वारला आणि त्याची पत्र्याची पेटी आमच्या माळ्यावर येऊन पडली.

एका रात्रपाळीत पॉवर प्रेसखाली माझ्या डाव्या तर्जनीचे पहिले पेर गेले. दोन्ही हातांनी बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, अशी सोय यंत्रात असते. माल जास्त निघावा म्हणून आमच्याकडे ती बंद करून ठेवली होती. भोसरी-चाकणला टपरीवर चहाचे पेले धरलेले हात जरा निरखून पाहा, म्हणजे मी एकटा नाही हे कळेल. असो. घरी बसून भिंती मोजायचा कंटाळा आला, तेव्हा एके दिवशी ती पेटी खाली काढली.

माशी बांधताना पीस डाव्या हाताच्या चिमटीत धरायचे आणि उजव्याने दोरा फिरवायचा. माझी तर चिमटीच गेलेली. पीस निसटे, दोरा उलगडे, आणि दुखऱ्या टोकाला दोरा लागला की डोळ्यांसमोर काजवे चमकत. पहिली माशी झाली ती झुरळासारखी. मग मधल्या बोटाला शिकवायला घेतले. दहा वर्षे न केलेले काम उजव्या हाताला आठवत होते. डाव्यातले नवे बोट मात्र पहिलीतल्या पोरासारखे चुकत होते. महिन्याने एक माशी अशी झाली की ती मामाच्या माशांत ठेवली तर चटकन ओळखू येईना. त्याच आठवड्यात मी या महाविद्यालयाचा अर्ज आणला.

नक्कल करायची तर मूळ किडा पाहायला हवा. मेफ्लाय नावाचा किडा बालपणाचे महिने पाण्यात दगडांच्या आडोशाला काढतो. पंख फुटले की एकदोन दिवसांचा धनी. खाण्यापुरते तोंडही उरत नाही. पाणी घाण झाले की हे किडे फार टिकत नाहीत. मोशीला इंद्रायणीत मी दगड उलटून पाहिले; खाली काळा गाळ आणि तांबड्या अळ्या. म्हणून रविवारी सकाळच्या लोकलने कामशेतला जातो. नदी तीच, लोणावळ्याकडून येणारी, देहू-आळंदीला जाणारी. पण तिथे दगडाखाली हे किडे अजून सापडतात. पहिल्या रविवारी दोरी बाभळीत अडकली. चौथ्या रविवारी वीतभर चिलापी लागली. हा मासा आफ्रिकेतून आलेला, इथे नको तेवढा फोफावलेला. तो परत सोडू नये, असे जाणकार म्हणतील. पण मी माळकऱ्याचा मुलगा. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकलेला असतो. मासा पाण्यातच सोडवला.

वडिलांना मामाचा हा उद्योग कधीच पटला नव्हता. मी पेटी उघडली की ते दुसऱ्या खोलीत जात. माशीच्या डोक्यापाशी शेवटची गाठ मारताना दोऱ्यावर बोट दाबून धरावे लागते, आणि तेवढे एक काम माझ्या मधल्या बोटाला अजून जमत नाही. परवा रात्री तीनदा गाठ सुटली. हरिपाठ आटोपून वडील बाहेर आले, थोडा वेळ उभे राहिले, मग चष्मा लावून शेजारी बसले.

"कुठं दाबायचं?" त्यांनी विचारले.

मी दाखवले.