मालवणची खरेदी : एक सकाळ बाजारासाठी

कोकण रेल्वेने कुडाळला उतरले की साधारण तासाभरात मालवण येते. दिवाळी-नाताळच्या सुट्टीत येथे सहकुटुंब जाणारी मंडळी आपल्या समाजात आता पुष्कळ आढळतात. बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला असतो. एक दिवस किल्ला, एक दिवस तारकर्ली आणि परतीची गाडी पकडण्यापूर्वी घाईघाईने बाजार. बँकेच्या नोकरीतील काही वर्षे मी या जिल्ह्यात काढली. त्या अनुभवावरून सांगावेसे वाटते की, बाजाराला उरलेला वेळ न देता एक संपूर्ण सकाळ द्यावी.

अर्थात, किल्ला आधी पाहावा. शिवछत्रपतींनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला. चहूकडे खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींचे पाणी गोड आहे. मुलांना ही नवलाई अवश्य दाखवावी. पावसाळ्यात होड्या बंद असतात, हे ध्यानात ठेवून बेत आखावा. देवबागला कर्ली नदी समुद्रास मिळते. तो संगम सकाळच्या शांत वेळी पाहणे अधिक सुखाचे.

भोजनाची चिंता आपल्या कुटुंबांना असतेच. गाव मासळीचे असले तरी शाकाहारी घरगुती जेवण मिळते. मात्र वाटपात कांदा-लसूण सर्रास असतो आणि सोलकढीतही लसूण घालतात. म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवावे व सूर्यास्तापूर्वीची वेळ ठरवून घ्यावी. घावणे आणि नारळाच्या गोड रसातील शिरवाळे हे पदार्थ आपल्याला सहज चालण्यासारखे आहेत. येथील प्रसिद्ध खाजा घेताना मात्र विचारावे. गुळाच्या पाकात बहुधा आले असते.

आता बाजाराकडे वळू. पहिला मान कोकमाचा. आमसूल म्हणजे रातांब्याची साल. ती त्याच फळाच्या रसात मीठ घालून पुनःपुन्हा भिजवितात व उन्हात वाळवितात. चांगले आमसूल काळसर लाल, मऊ आणि आंबट वासाचे असते. वर मिठाचा पांढरा थर दिसला तर आपण मिठाचेही पैसे मोजत आहोत, असे समजावे. आगळ आणि अमृत कोकम यांत गल्लत करू नये. आगळ खारट असून कढीसाठी असते, तर अमृत कोकम साखरेचे सरबत होय. बियांपासून काढलेले कोकमतेल पायांच्या भेगांवर गुणकारी मानले जाते.

दुसरा जिन्नस काजू. पाकिटावरील २४० किंवा ३२० हा आकडा एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, साधारण किती गर बसतात हे सांगतो. आकडा जितका लहान तितका गर मोठा. परंतु हा आकडा केवळ आकार दाखवितो, गाव दाखवीत नाही. आपल्या देशात आफ्रिकेतून कच्चा काजू मोठ्या प्रमाणात येतो. म्हणून बी कोठली, हे दुकानदारास स्पष्ट विचारावे. भाजी किंवा मिठाईसाठी पाकळी आणि तुकडाही उत्तम. चव तीच, दर कमी.

हातात अर्धा दिवस असेल तर किनारा सोडून आत सावंतवाडीस जावे. तेथील चितारआळीत लाकडी फळे व खेळणी मिळतात. राजवाड्यात हाताने रंगविलेले गंजिफाचे पत्ते पाहावयास मिळतात. दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी १२ असे १२० पत्ते असतात.

शेवटी भावाविषयी. आपण व्यापारी माणसे. घासाघीस हा आपल्या स्वभावाचाच भाग. पण येथील हिशेब समजून घ्यावा. रातांबे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. पाऊस येण्यापूर्वी सारे वाळले पाहिजे. वळीव आधीच कोसळला तर माल बुरसतो. बचत गटांच्या भगिनी त्याच सुमारास पैसे काढीत आणि गिऱ्हाईक हिवाळ्यात आले की थोडे थोडे भरीत, हे मी खातेपुस्तकांतून वर्षानुवर्षे पाहिले आहे. भांडवल सहा-सात महिने अडकते, व्याज चालूच राहते. भांडवल अडकणे म्हणजे काय, हे आपल्या घरांत कोणास समजावून सांगावे लागत नाही. अशा भगिनीकडून अर्धा किलो आमसुलामागे वीस रुपये कमी करून घेतले, तर ते बहुधा तिच्या मजुरीतूनच जातात.

मग व्यापारीबुद्धी वापरूच नये काय? अवश्य वापरावी, पण आपल्या पेढीवर वापरतो तशी. बरोबरच्या तीन-चार कुटुंबांनी वर्षभराची गरज एकत्र करून पाच-दहा किलो माल एकाच ठिकाणी रोखीने घ्यावा आणि घाऊक दर मागावा. विकणाऱ्याचा माल लवकर हलतो, पैसा मोकळा होतो, म्हणून तो दर आनंदाने देतो. माल पसंत पडल्यास पत्ता लिहून घ्यावा व पुढील वर्षीची मागणी उन्हाळ्यापूर्वीच थोड्या आगाऊ रकमेसह कळवावी. त्या आगाऊ रकमेने कोणाचे तरी कर्ज तेवढे कमी होईल आणि आपल्या घरी निवडक माल येईल.