काळाची बारा घरे

शाळेत मुलाला काळ तीन ठिकाणी भेटतो: गणिताच्या तासाला घड्याळाच्या तबकडीवर, इतिहासाच्या तासाला सनावळीत, आणि भाषेच्या तासाला क्रियापदाच्या रूपात. पहिल्या दोन ठिकाणी तो मोजता येतो आणि म्हणून त्याचे फारसे भय वाटत नाही. साडेदहा म्हणजे साडेदहाच, आणि १८१८ साली पेशवाई बुडाली ती गुरुजींनी सांगितली काय किंवा तपासनीस साहेबांनी विचारली काय, त्याच साली बुडालेली असते. तिसऱ्या ठिकाणी मात्र प्रकरण नाजूक होते, कारण एकाच घटकेला घडलेली एकच घटना, बोलणारा कोठे उभा राहून तिच्याकडे पाहतो त्याप्रमाणे, निरनिराळी रूपे धारण करते; आणि ही उभे राहण्याची जागा ना घड्याळावर सापडते ना सनावळीत. परक्या भाषेचे काळ लहान मुलांना शिकवणे कठीण जाते, त्याचे बीज मला तरी येथेच दिसते.

या अडचणीवर इंग्रजीच्या वर्गात शोधलेला तोडगा म्हणजे फळ्यावरचा तक्ता. वर्तमान, भूत आणि भविष्य असे तीन काळ, प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण आणि चालू पूर्ण असे चार प्रकार, मिळून बारा घरे. ज्योतिषी पत्रिका मांडतो त्याप्रमाणे शिक्षक ती खडूने आखतात आणि ‘प्ले’ किंवा ‘राइट’ अशा एखाद्या निरुपद्रवी क्रियापदाला ग्रहाप्रमाणे घराघरांतून फिरवून आणतात. पत्रिकेप्रमाणेच या तक्त्याचीही मोठी सोय अशी, की ज्याला तो वाचता येत नाही त्याचाही त्यावर विश्वास बसतो. वस्तुतः केवळ क्रियापदाच्या रूपाकडे पाहिले तर इंग्रजीत काळ दोनच, वर्तमान आणि भूत. ओटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने इंग्रजीला स्वतंत्र भविष्यकाळ नाही असे प्रतिपादन केले, आणि ते मान्य करणे जड जाऊ नये. कारण ज्या ‘विल’च्या आधारावर भविष्याची घरे उभी आहेत तो शब्द मुळात इच्छेचा वाचक, आणि त्याचा जोडीदार ‘शॅल’ मुळात ऋणाचा. जॉन वॉलिस याने १६५३ साली लॅटिनमध्ये इंग्रजीचे व्याकरण लिहिताना ‘आय’ आणि ‘वुई’ यांना ‘शॅल’ आणि इतरांना ‘विल’ अशी वाटणी करून दिली, तेव्हा ही वाटणी पुढे तीनशे वर्षांनी कोकणातल्या एखाद्या हायस्कुलात छडीच्या धाकाने पाठ केली जाईल हे त्याच्या स्वप्नातही नसेल. ज्या मुलाला ‘करीन’ आणि ‘करील’ ही भविष्याची स्वतःची रूपे जन्मतःच मिळाली आहेत, त्याला उद्याच्या दिवसासाठी इच्छा आणि ऋण उसने घेणाऱ्या या भाषेची थोडी कणव वाटली तरी हरकत नाही.

तक्त्याच्या आधी असते ते पाठांतर. ‘गो, वेंट, गॉन, सी, सॉ, सीन, ईट, एट, ईटन’ असा घोष दुपारच्या तासाला एका सुरात सुरू झाला, की शेजारच्या वर्गालाही ती रूपे विनासायास मुखोद्गत होतात. या घोषाची टिंगल करावी असे मला वाटत नाही. नियमाला न जुमानणारी ही क्रियापदे नित्याच्या वापरातली आहेत, आणि नित्याच्या वापरानेच त्यांची जुनी रूपे जपली. ज्यांच्याविषयी लोकांची आठवण कच्ची पडली ती हळूहळू ‘एड’च्या अंमलाखाली आली, जसे ‘हेल्प’, ज्याचे भूतकाळी रूप एके काळी ‘होल्प’ असे होते. मुलांचा ओढा मात्र स्वभावतःच नियमाकडे. जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चार ते सात वर्षांच्या इंग्रजीभाषी मुलांपुढे ‘रिक’, ‘ग्लिंग’ अशी भाषेत नसलेलीच क्रियापदे ठेवून काल त्या माणसाने काय केले असे विचारले, तेव्हा जेथे मोठ्यांपैकी कित्येकांना ‘सँग’च्या धर्तीवर ‘ग्लँग’ म्हणण्याचा मोह झाला, तेथे बहुतेक मुलांनी बेधडक ‘ग्लिंग्ड’ असे उत्तर दिले. इंग्रजाघरचे मूलसुद्धा ‘वेंट’ तोंडी आलेले असूनही मधले काही दिवस ‘गो’ला ‘एड’ लावून बोलते, आणि होणारे रूप मराठी कानाला ऐकू येते तसेच, गोड, असते.

मराठी मुलाला इंग्रजी भूतकाळात एक सवलतही मिळते, जिची जाणीव कोणी त्याला करून देत नाही. आपल्याकडे आंबा खाल्ला, चिंच खाल्ली आणि केळे खाल्ले. खाणारा तोच, पण क्रियापदाने खाद्यपदार्थाचे लिंग विचारल्याखेरीज पाऊल टाकायचे नाही. इंग्रजीत ‘एट’ म्हटले की फळांचे सगळे दावे निकालात निघतात. या कर्मणी प्रयोगाच्या जाचातून लीलया पार पडणारे मूल ‘ही गोज’मधल्या एका ‘एस’पाशी वर्षानुवर्षे अडखळते, याचे नवल वाटते खरे; पण रॉजर ब्राउन याने १९७३ साली तीन अमेरिकन मुलांच्या भाषेचा जो वृत्तांत मांडला, त्यातही ‘इंग’ फार लवकर आला आणि तृतीय पुरुषाचा हा ‘एस’ बराच मागाहून. तेव्हा त्या ‘एस’पायी आपल्या मुलांना लाल शाईने घायाळ करण्यापूर्वी थोडा धीर धरावा हे बरे.

‘इंग’ लवकर येतो, आणि आला की लवकर जात नाही. शिक्षक टेबलापासून दाराकडे चालू लागतात आणि चालता चालताच ‘आय ॲम वॉकिंग टू द डोअर’ असे वर्गाला जाहीर करतात. व्यवहारात कोणताही शहाणा माणूस आपल्या चालण्याची अशी वर्दी देत नाही, परंतु वर्गाला ते दिसते, पटते आणि मनावर ठसते. त्यात ‘मला समजत आहे’, ‘मला आठवत आहे’ या मराठी वळणाची भर पडली, की ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ आणि ‘आय ॲम रिमेंबरिंग’ ही वाक्ये बिनदिक्कत बाहेर पडतात. बेने इस्राएल या मराठीभाषक समाजात जन्मलेले मुंबईचे इंग्रजी कवी निसीम इझीकेल यांनी आपल्या काही कवितांतून या देशी ‘इंग’ला कायमचे स्थान दिले. वाचणारा हसतो, पण चालू असणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पतंजलीने महाभाष्यात त्याचा ऊहापोह केला आहे: जेवणारा माणूस मधूनच हसतो, बोलतो, पाणी पितो, तरी तो जेवतो आहे असेच आपण म्हणतो, कारण आरंभिलेली क्रिया अद्याप संपलेली नसते. अभ्यास चालू आहे असे माजघरातून ओरडून सांगणाऱ्या आणि त्याच वेळी लाडवाच्या डब्याशी झटापट करणाऱ्या मुलाला महाभाष्यकारांचा इतका भक्कम आधार आहे, हे त्याच्या आईला ठाऊक नसते एवढेच.

मात्र खरी कसोटी पूर्ण वर्तमानकाळाची. ‘मी त्याला काल पाहिले आहे’ हे वाक्य मराठीत निर्दोष. तेच शब्दशः इंग्रजीत नेले की ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ होते आणि गुण जातो. ‘हॅव’ असेल तेथे ‘यस्टर्डे’ नको, असे फर्मान सुटते. कारण कोणी सांगत नाही. कारण असे, की ‘हॅव’ लावून बोलणारा माणूस आजच्या जमिनीवर उभा असतो. घडून गेलेल्या गोष्टीचा जो अंश आज त्याच्या हाती शिल्लक आहे, त्याचीच तो रुजवात घालतो, आणि ‘काल’ म्हणताक्षणी तो अंश त्याच्या हातून सुटतो. आपल्या परंपरेला ही दृष्टी अपरिचित आहे असेही नाही. पाणिनीने आज घडलेल्याचा भूतकाळ आणि आजच्या पूर्वी घडलेल्याचा भूतकाळ निराळे मानले, आणि त्या दुसऱ्यातही बोलणाराने जे स्वतः पाहिले नाही त्यासाठी आणखी एक रूप राखून ठेवले. म्हणजे केव्हा घडले याच्या जोडीला ते बोलणाराच्या किती जवळ घडले हेही क्रियापदाने सांगावे, अशी अपेक्षा येथे फार पूर्वीपासून आहे. उलट ‘मी पाच वर्षांपासून येथे राहतो’ असे आपण साध्या वर्तमानात निश्चिंतपणे म्हणतो, तेथे इंग्रज मागची पाच वर्षे हिशेबात धरून ‘हॅव बीन लिव्हिंग’ असे तीन शब्द खर्ची घालतो. राहणारा तोच आणि घरही तेच. एकाची नजर आजच्या वास्तव्यावर, दुसऱ्याची सरलेल्या मुदतीवर.

अशा नजरा मुलांना शिकवाव्या लागतात, हा आपला भ्रम आहे. भातुकली मांडून बसलेल्या मुलांकडे पाहावे. ‘आता रात्र झाली हं,’ असे एकीने म्हटले की भर दुपारी सगळी डोळे मिटून आडवी होतात, आणि ‘आता सकाळ झाली’ म्हटले की उठून चूळ भरतात. झाली या भूतकाळी रूपाने वर्तमान निर्माण करण्याचे सामर्थ्य त्यांच्या अंगी असते, आणि त्याचा उगम फळ्यावरच्या कोणत्याही घरात नसतो. जेवायला हाक मारली असता ‘आलो, आलो!’ असे उत्तर देऊन गोट्यांचा डाव पुढे चालवणारा मुलगा न आलेल्याला आलेले ठरवतो, आणि त्यालाही शास्त्राची सनद आहे: मनात आशा असेल तर भविष्यातली गोष्ट भूतकाळात बोलावी, अशी मुभा पाणिनीने दिलीच आहे. पाणिनीच्या सूत्रांवरील ‘काशिका’ या टीकेत त्याचे जे उदाहरण दिले आहे त्याचा आशय असा, की उपाध्याय आले तर आम्ही व्याकरण शिकलोच! शिष्यांचा हा आशावाद आपल्या वर्गांत दुर्मीळ झाला असेल, तर त्याची थोडीफार जबाबदारी उपाध्यायांकडे जाते.

२००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आली. ज्या पिढीला ती आठवीत भेटली तिच्यात आणि आजच्या मुलांत हा मोठाच फरक पडला, की भातुकलीचे वय आणि इंग्रजी क्रियापदाचे वय आता एक झाले आहे. या योगायोगाचा लाभ घ्यायचा तर तक्ता शेवटी यायला हवा. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या वर्षांत दक्षिणेतल्या काही शाळांत, व्याकरणाचे धडे आखून न देता, मुलांपुढे आगगाड्यांची वेळापत्रके आणि नकाशे ठेवले आणि त्यांवरचे प्रश्न इंग्रजीतून सोडवायला लावले. भाषा कामाच्या ओघात यावी, ही त्यामागची भूमिका. त्या प्रयोगाविषयी पंडितांत मतभेद आहेत, आणि मीही पाठांतराला रजा द्यायला तयार नाही. परंतु पाठ केलेले रूप खेळात, गोष्टीत, उशीर का झाला याच्या जाबसालात, म्हणजे ज्याला काही सांगायचे आहे अशा मुलाच्या तोंडी एकदा जाऊन आले, म्हणजे तक्त्यातले घर त्याला आपोआप ओळखीचे वाटते.

परीक्षेच्या कागदावर नेमके याच्या उलट घडते. ‘राम (गो) टू स्कूल’ असे एक वाक्य छापलेले असते आणि कंसातल्या क्रियापदाचे योग्य रूप लिहा असा हुकूम असतो. हा राम रोज जातो, काल गेला, की आत्ताच गेला आहे, आणि हे त्याची आई शेजारणीला सांगते आहे, की शिपाई हजेरी घेणाऱ्या बाईंना, याचा मागमूस नसतो. अशा वेळी एखादे मूल पेन खाली ठेवून ‘बाई, पण हे कोण सांगतंय?’ असे विचारते, आणि पर्यवेक्षक त्याला गप्प बसवतात. काळ म्हणजे काय ते त्या मुलाला पुरते समजलेले आहे; उत्तर लिहिण्यापूर्वीच त्याला निम्मे गुण देऊन टाकण्याचा अधिकार परीक्षकांना असावा, अशी माझी नम्र सूचना आहे.