तळाचा थर

आईने आयुष्यात अंडं खाल्लेलं नाही. धाकट्या भावाच्या वेळी तिला खूप अशक्तपणा आला होता, तेव्हा डॉक्टरांनी रोज एक खा म्हणून बजावलं होतं. तिने डिंकाचे लाडू खाल्ले, अंडं नाही. कॅनडात आमच्याकडे सहा महिने राहायला आली तेव्हा इथल्या केक-कुकीजकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

डिसेंबरात शेजारच्या आजींनी ताटलीभर नानायमो बार आणून दिले. आम्ही राहतो त्या व्हँकुव्हर बेटावरच्या नानायमो गावाचंच नाव या वड्यांना आहे. खाली कोको, बिस्किटांचा चुरा, खोबरं आणि बदाम यांचा घट्ट थर, मध्ये पिवळं कस्टर्ड, वर चॉकलेट.

"अंडं नाही ना गं?"

"छे, हे भाजतच नाहीत," मी म्हटलं. ओव्हन नाही म्हणजे अंडं नाही, हे माझं गणित. वर मधल्या थराची माहितीही ऐटीत पुरवली: बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डच्या बायकोला अंडी सोसत नसत, म्हणून त्याने 1837 मध्ये कॉर्नफ्लोअरची बिनअंड्याची कस्टर्ड पावडर काढली. "म्हणजे आपल्या फ्रूट कस्टर्डमधलीच की," आई म्हणाली आणि तिने दोन वड्या खाल्ल्या. जेवणानंतर तिसरी.

तिला आवडल्या म्हणून मी आजींकडे शिकायला गेले. त्यांनी आधी इतिहास सांगितला. इथल्या हॉस्पिटलच्या महिला मंडळाने 1952 साली काढलेल्या पुस्तकात ही कृती आहे, पण वेगळ्या नावाने. नानायमोचं नाव छापील कृतीत पुढच्या वर्षी आलं. 1985 मध्ये महापौरांनी स्पर्धा घेतली, शंभरेक कृती आल्या आणि जॉइस हार्डकॅसल यांची जिंकली. 2019 मध्ये पोस्टाने तिकीट काढलं, तर त्यावरचा कस्टर्डचा थर फारच जाड म्हणून लोक चिडले. आजी अजून चिडलेल्याच होत्या. बोलता बोलता त्यांनी उकळत्या पाण्यावरच्या भांड्यात लोणी, साखर, कोको वितळवलं, त्यात एक अंडं फोडलं आणि घट्ट होईपर्यंत भराभर ढवळलं.

मी काही बोलले नाही. काय बोलणार? त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

घरी आले तर आई ताटाला तूप लावून तयार. मी अंड्याच्या जागी कंडेन्स्ड मिल्क घातलं. आईने नारळाच्या वड्या थापते तसा वाटीच्या बुडाने तळ दाबून बसवला. दोन कप पिठीसाखर, अर्धा कप लोणी, थोडी क्रीम आणि दोन चमचे कस्टर्ड पावडर, कच्चीच, फेटून त्यावर पसरली. फ्रिजमध्ये ती आळल्यावर वितळलेलं चॉकलेट. चॉकलेट दगड होण्याआधीच वड्या पाडायच्या, सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घेत, नाहीतर वरचा थर तडकतो आणि कस्टर्ड बाजूने बाहेर येतं. आमचं आलंच.

"चांगल्या झाल्यात," आई म्हणाली. "पण आजींची सर नाही."

सांगायचं अगदी ओठावर आलं होतं. पण खाऊन झालेलं अंडं परत कसं काढायचं? तिला कळलं तर ती मला रागावणार नाही, एक दिवस उपास करेल आणि पुन्हा माझ्या हातचं काही खाताना विचारेल. ते विचारणं मला नको होतं.

आई सांगलीला परत गेली. आता भिशीला ती मारी बिस्किटांच्या नानायमो वड्या करते आणि 'यात अंडं नसतं' असं सगळ्यांना आवर्जून सांगते. परवा व्हिडिओ कॉलवर तिने ताट कॅमेऱ्यासमोर धरलं. वड्या बुडाशी भुसभुशीत झाल्या होत्या.

"तळ धरत नाही गं. त्या आजी काय घालायच्या?"

"कंडेन्स्ड मिल्क थोडं वाढव," मी म्हटलं.