बारा की तेरा?

वॉशिंग्टनला जाऊन आलेली माणसे काय काय सांगतात, हे आता आपल्या सर्वांना पाठ झाले आहे. व्हाइट हाऊस किती लहान दिसते, खुर्चीत बसलेला लिंकन किती मोठा आहे आणि वसंतात चेरीला किती बहर येतो! मीही २०१८ च्या सप्टेंबरात तिथे तीन आठवडे राहून आलो. पण "काय पाहिलेत?" असे कोणी विचारले, की माझ्या तोंडून प्रथम निघते ते "एक अकरा फुटी खेळणे!" विचारणारा माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहतो. मग त्याला चहा पाजून पहिल्यापासून सांगावे लागते. तसेच आज तुम्हांला सांगतो.

आमचे घर माझगावला. अण्णा गोदीत फिटर. १९७२ साली नौदलात दाखल झालेल्या 'निलगिरी' युद्धनौकेवर त्यांनी काम केले होते आणि त्याचा त्यांना इतका अभिमान, की ती नौका सरकारने जणू आमच्या घराण्याला आंदण दिली होती! पुढे तिच्याच घाटाच्या आणखी पाच निघाल्या, हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी आणि विंध्यगिरी. या सहाही नौकांना मिळून 'निलगिरी वर्ग' म्हणतात. पहिल्या नौकेचे नाव साऱ्या वर्गाला मिळते, हा आरमाराचा रिवाज मला आणि माझ्या धाकट्या भावाला, नंदूला, पाढ्यांच्या आधी ठाऊक होता.

अशा घरात १९८० नंतरच्या काळात टेलिव्हिजन आला आणि रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' दिसू लागले. मूळ अमेरिकन मालिका १९६६ ते १९६९ मधली. आमच्याकडे ती पोहोचेपर्यंत शिळी झाली होती. पण भूक असली की शिळी भाकरीही गोड लागते. 'एंटरप्राइझ' नावाची तारकानौका, तिचा कप्तान कर्क, तो टोकदार कानांचा स्पॉक! चाळीतली निम्मी मुले आमच्या खोलीत दाटीवाटीने बसत.

एका भागात विसाव्या शतकातला एक वैमानिक चुकून या नौकेवर येतो आणि तिचा थाट पाहून थक्क होतो. तेव्हा कप्तान त्याला सांगतो, की आमच्या ताफ्यात हिच्यासारख्या बाराच आहेत. झाले! त्या दिवशी आमच्या घरात जे भांडण सुरू झाले ते पुढे पस्तीस वर्षे चालले. बारा म्हणजे एंटरप्राइझ धरून बारा, की ती सोडून बारा? नंदू म्हणे, बारा म्हणजे बारा. मी म्हणे, 'हिच्यासारख्या' म्हटले की ही वेगळी. निलगिरीसारख्या किती, तर पाच. आणि निलगिरी धरून सहा. तेव्हा एकूण तेरा!

अण्णा माझ्या बाजूचे. आजी म्हणाली, "अरे, ती दहा जणांची गोष्ट नाही का? नदी ओलांडून गेले आणि मोजायला लागले, तर प्रत्येकाला नऊच दिसले. मोजणारा स्वतःला मोजायचा विसरला. तुमचा कप्तान तसलाच." आई काहीच बोलली नाही. ती स्वयंपाकघरात पाने घेत होती.

आईचे मोजणे हाही आमच्या घरातला एक विनोद होता. "किती पानं घेऊ?" असे ती स्वतःशीच म्हणे आणि स्वतःच उत्तर देई, "चार." आम्ही होतो पाच.

पुढे नंदू शिकला आणि अमेरिकेला गेला. व्हर्जिनियात त्याने घर केले. २०११ साली आई गेली. नंदूला वेळेवर पोहोचता आले नाही. त्याची कारणे खरी होती, हे आज मला कळते; तेव्हा कळले नाही. त्यातच माझगावच्या खोलीचा प्रश्न निघाला आणि मी त्याला एक पत्र लिहिले. पत्रात लिहू नयेत अशी वाक्ये माणूस नेमकी पत्रातच लिहितो. त्यानंतर सात वर्षे आम्ही दिवाळीला फोन करीत असू, प्रकृती आणि हवामान विचारीत असू. बाराचे नाव नाही, तेराचे नाव नाही.

सात वर्षांनी त्यानेच तिकीट पाठवले. पहिला आठवडा आम्ही दोघे इतक्या अदबीने वागलो, की त्याच्या बायकोलाच अवघडल्यासारखे झाले. शेवटी एका शनिवारी त्याचा मुलगा निखिल म्हणाला, "काका, तुम्हाला खरी एंटरप्राइझ दाखवतो." मेट्रोने आम्ही तिघे लान्फान प्लाझाला उतरलो आणि राष्ट्रीय विमान व अवकाश संग्रहालयात शिरलो. १९७६ साली उघडलेले हे संग्रहालय स्मिथसोनियन संस्थेचे. तिकीट नाही, हे ऐकून माझ्यातला मुंबईकर सुखावला.

पहिल्याच दालनात डोक्यावर लिंडबर्गचे विमान टांगलेले होते. १९२७ साली ज्यातून त्याने एकट्याने अटलांटिक ओलांडला तेच. चंद्रावरून आणलेला दगडाचा तुकडा तिथे बोटाने चाचपून पाहता येतो. आणि या अस्सल पराक्रमांच्या पंगतीत, काचेच्या मोठ्या पेटीत, जिने चित्रीकरणशाळेची भिंतही कधी ओलांडली नाही ती एंटरप्राइझ!

मॉडेल अकरा फुटांचे. मॅट जेफ्रीज या कलादिग्दर्शकाने आखलेले आणि १९६४ साली रिचर्ड डेटिन व त्याच्या सोबतच्या कारागिरांनी पॉप्लरचे लाकूड, पत्रा आणि प्लॅस्टिक यांतून घडवलेले. १९७४ साली ते संग्रहालयाला मिळाले. काही वर्षे बिचारे तळघरातल्या विक्रीच्या दुकानात होते. मग दोन वर्षे डागडुजी होऊन २०१६ साली या मानाच्या जागी आले. मी पेटीला वळसा घातला आणि चकित झालो. उजव्या बाजूला खिडक्या, अक्षरे, सारा साज. डावी बाजू जवळजवळ कोरी! आतल्या दिव्यांच्या तारा त्या बाजूने काढलेल्या असल्याने ती कॅमेऱ्याला दाखवायचीच नव्हती. नाटकातल्या राजवाड्याची मागची बाजू पाहावी तसे मला वाटले.

पेटीपाशी पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ आणि कॉलेजातली असावी अशी एक मुलगी हमरीतुमरीवर आली होती. विषय, या नौकेचा वर्ग कोणता? गृहस्थ म्हणत होते, नौकेच्या कक्षातल्या पितळी पाटीवर 'स्टारशिप क्लास' लिहिलेले स्पष्ट दिसते. मुलगी म्हणत होती, पाटीचे सोडा. नंतरच्या पुस्तकांनी आणि चित्रपटांनी 'कॉन्स्टिट्यूशन' हाच वर्ग ठरवला आहे. निखिलने न विचारता त्यात उडी घेतली. तिघांची ओळख ना पाळख. पण पाच मिनिटांत एकाच वाड्यात वाढल्यासारखे भांडू लागले.

मग कळले, की हे शास्त्र किती खोल आहे. 'कॉन्स्टेलेशन' नावाची दुसरी एक नौका आहे, क्रमांक १०१७. एंटरप्राइझचा १७०१. एकाच वर्गातल्या नौकेचा क्रमांक इतका मागचा कसा? कोणी म्हणते, जुन्या नौकेची नवी बांधणी केली असावी. खरी गोष्ट अशी, की १९६७ साली ती नौका दाखवण्यासाठी बाजारातला प्लॅस्टिकचा जोडसंच आणला आणि त्यात आलेले १७०१ हेच आकडे फिरवून चिकटवले! हे सर्वांना माहीत आहे. तरीही वाद चालू आहे. पुढच्या मालिकेत वुल्फ ३५९ या ताऱ्यापाशी चाळीस नौकांची लढाई होते आणि एकोणचाळीस बुडतात. चित्र थांबवून थांबवून, मोडक्या तुकड्यांवरून त्या नौकांची नावे आणि वर्ग शोधणारी माणसे आहेत.

"आणि हे नुसते बोलत नाहीत," नंदू हळूच म्हणाला. पहिल्या स्पेस शटलचे नाव 'कॉन्स्टिट्यूशन' ठरत होते. मालिकेच्या चाहत्यांनी व्हाइट हाऊसवर पत्रांचा पाऊस पाडला आणि १९७६ साली ते नाव 'एंटरप्राइझ' झाले. ते शटल चाचणीपुरतेच उडाले, अवकाशात गेले नाही. पुष्कळ वर्षे ते नंदूच्या घराजवळच्या संग्रहालयात होते. २०१२ मध्ये न्यूयॉर्कला नेले.

"आई गेल्यानंतर मी तिथे जाऊन बसायचो," तो म्हणाला. "ती वस्तू अवकाशात कधी पोचलीच नाही ना. मला बरं वाटायचं तिच्याजवळ."

मी काचेकडे पाहत राहिलो. ते पत्र मी लिहिले तेव्हा मला फक्त एकच बाजू दिसत होती, आणि ती साजशृंगार केलेली माझी बाजू होती.

थोड्या वेळाने मी म्हणालो, "नंदू, बाराच असतील रे."

तो दचकला. "नाही दादा, तेराच. मी फार विचार केला त्यावर. आपण पाच होतो आणि आई चार म्हणायची."

"पण कप्तान म्हणजे काही आई नव्हे! लष्करातला माणूस मोजून बोलतो."

"मोजणाऱ्याचीच तर चूक होते! आजी काय म्हणाली होती?"

"आजीला आरमारातलं काय कळत होतं?"

"आणि निलगिरी? अण्णांची निलगिरी विसरलास?"

बाजू बदलल्या होत्या. पण आवाज जुनेच होते. पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आणि ती मुलगी स्वतःचे भांडण थांबवून आमच्याकडे पाहू लागली. आमच्या मराठीतले 'एंटरप्राइझ' तेवढे त्यांना कळत असावे. गृहस्थांनी निखिलला काहीतरी विचारले. त्याने उत्तर देताच ते हसले आणि दोन्ही हातांची बोटे दाखवून, वर आणखी तीन उभी करून, माझ्या भावाला पाठिंबा देते झाले.

दुपारी निखिल खाण्याच्या रांगेत उभा राहिला आणि तिथूनच ओरडला, "बाबा, किती सँडविच?"

"दोन," नंदू म्हणाला. मग माझ्याकडे पाहून हसला आणि ओरडला, "तीन रे, तीन!"

माझगावची ती खोली अजून आहे. तिचे काय करायचे ते ठरलेले नाही. पण आता रविवारी सकाळी फोन वाजतो, आणि हवामानावर आम्ही अवाक्षर बोलत नाही.