डाव्या बाजूचा आरसा

पेण, सोमवार रात्र

प्रिय ताई,

पेणला सुखरूप पोचलो. तुझ्यासाठी पोह्याच्या पापडांची दोन पुडकी वेगळी काढून ठेवली आहेत, विवेकच्या हाताला लागणार नाहीत अशी. हमरापूर-जोह्याकडे चक्कर मारली. गणपतीला अजून इतके महिने आहेत, तरी कारखान्यांतून पांढऱ्या, न रंगवलेल्या मूर्तींच्या रांगा लागलेल्या.

गाडी छान चालतेय. कुरकुर आहे ती माझी, आणि ती आरशांबद्दल. आपली गाडी बजाज टेम्पोच्या जमान्यातली, म्हणजे २००५ साली कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं त्याच्याही आधीची. प्रवासी गाडी होती तेव्हा मागे मोठी काच होती, आतला आरसा कामाचा होता. आता मागे पलंग आणि कपाट, त्यामुळे आतल्या आरशात कपाटाची कडी तेवढी दिसते. उरले बाहेरचे दोन. तेही बुटके, सपाट काचेचे आणि आखूड दांडीवरचे. त्यात डाव्या अंगाला आपण ते गुंडाळायचं छप्पर बसवलंय, ते नेमकं आडवं येतं. खारपाड्याच्या पुलापासून डावीकडून घुसणारी प्रत्येक मोटारसायकल मला थेट दाराशी आल्यावरच दिसत होती. रोह्याला काहीतरी करायचंच, असं ठरवलंय.

तुझी,
सुमा


रोहा, गुरुवार

प्रिय ताई,

वडखळ, नागोठणे आणि मग भिसे खिंडीतून रोहा. खिंडीच्या वळणांवर विवेक डाव्या खिडकीतून मान बाहेर काढून “येऊ दे, येऊ दे, बास!” करत होता. ट्रकवर क्लीनर करतो तेच काम, फक्त पत्र्यावर थाप मारायची राहिली होती.

गंमत म्हणजे मोटारीचा आरसा गाजला तोच मुळी क्लीनरच्या जागी. १९११ साली इंडियानापोलिसच्या शर्यतीत बाकीच्यांच्या गाड्यांत मागचं बघून सांगायला शेजारी मेकॅनिक बसलेला असायचा. रे हॅरुन एकटाच बसला. इतरांनी तक्रार केली, तेव्हा त्याने समोर आरसा लावला आणि शर्यत जिंकली. पुढे त्यानेच कबूल केलं म्हणे, की विटांच्या रस्त्यावर आरसा इतका थरथरत होता की त्यात काही दिसतच नव्हतं!

ही थरथर हाच खरा रोग आहे, हे मला इथल्या मिस्त्रींनी शिकवलं. धाटावच्या एमआयडीसीत रसायनांचे टँकर सतत ये-जा करतात, त्यामुळे मोठ्या गाड्यांची कामं करणारे हात इथे आहेत. मला वाटलं होतं, मोठा आरसा लावला की झालं. मिस्त्रींनी आधी दाराचा पत्रा अंगठ्याने दाबून दाखवला, तो लपकन आत गेला. म्हणाले, “वहिनी, ह्याच्यावर मोठा आरसा टांगला तर नुसता नाचंल.” मग दाराच्या आतून लोखंडी पट्टी दिली, वर आणि खाली अशा दोन जागी धरलेली वाकडी दांडी बसवली आणि प्रत्येक बोल्टाखाली रबराचा वॉशर घातला. दांडीला बिजागरी आहे, म्हणजे अरुंद गल्लीत आरसा दुमडता येतो. डिझेल इंजिन सर्वांत जास्त हादरतं ते गाडी जागेवर उभी असताना. म्हणून परीक्षाही तेव्हाच घेतली: इंजिन चालू ठेवून मागच्या टँकरची नंबरप्लेट आरशात वाचायची. आकडे उलटे दिसले, पण स्पष्ट दिसले.

काचेची निवड हे दुसरं प्रकरण. सपाट काच अंतर खरं दाखवते, पण पट्टा अरुंद. फुगीर काच रुंद पट्टा दाखवते आणि वस्तू लहान, म्हणून लांब भासवते. जवळ आलेली मोटारसायकल लांब वाटली तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमांत मुख्य आरशाच्या फुगवट्याची त्रिज्या १२०० मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. त्याखालच्या छोट्या, रुंद पट्ट्याच्या आरशाला मात्र ३०० पर्यंत मुभा आहे. आम्ही तसंच केलं, वर उभा, कमी फुगीर आरसा आणि खाली चांगला गोलसर. वरचा वेगाचा अंदाज घ्यायला, खालचा “शेजारी कोणी आहे का” एवढंच विचारायला. डाव्या बाजूची काच इथे मिळाली नाही, ती मिस्त्रींच्या भाच्याने पनवेलहून दिवा-रोहा गाडीने आणली. मध्य रेल्वे इथेच संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते, त्यामुळे आमची काच अगदी शेवटच्या स्टेशनपर्यंत आली म्हणायची.

लावून झाल्यावर विवेकला लाल बादली हातात घेऊन गाडीभोवती फिरवलं. एका आरशातून बादली निसटायच्या आत दुसऱ्यात दिसली पाहिजे, आणि दुसऱ्यातून जाण्याआधी माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यात. शेजारच्या चहावाल्याने त्याला दोनदा विचारलं, “साहेब, पाणी पाहिजे का?”

तुझी,
सुमा


रोहा, शनिवार

प्रिय ताई,

अष्टमीकडून कुंडलिकेच्या पुलावरून बाजारात आणि धावीर महाराजांच्या देवळाकडे गाडी नेली. बाजारात आरसे दुमडले, बाहेर आल्यावर उघडले. विवेक आत बसून शेंगा खात होता. तुझ्या सासूबाईंना सांग, पांडुरंगशास्त्री आठवल्यांचं जन्मगाव पाहिलं.

भाऊजींची युक्ती फोनवर ऐकली: आरसे इतके बाहेर फिरवायचे की आपल्याच गाडीची बाजू दिसेनाशी व्हावी. त्यांच्या कारला ते बरोबर आहे, कारण मधला पट्टा त्यांना आतला आरसा दाखवतो. आमच्याकडे तो पट्टाच बंद आहे. म्हणून मी आरशाच्या कडेला आपल्या पत्र्याची बारीक रेघ ठेवली आहे. मागचा माणूस किती लांब आहे, ते तिच्यावरून कळतं. मागे कॅमेरा बसवावा, हे त्यांचं म्हणणं मात्र मला अर्धंच पटतं. रिव्हर्स घ्यायला कॅमेरा उत्तम, पण चालत्या रस्त्यावर डावीकडून येणाऱ्याला तो काय करणार?

तेव्हा त्यांना सांग, कॅमेरा सावकाश घ्या. आधी डाव्या आरशाच्या खालच्या, बाहेरच्या कोपऱ्यात एक छोटा गोल आरसा चिकटवा, आणि आईला घेऊन नाशिकला निघण्यापूर्वी कुणाला तरी बादली घेऊन गाडीभोवती एक फेरी मारायला लावा.

तुझी,
सुमा