थांबणारा खेळ

पन्नाशी ओलांडलेला धर्मगुरू व्हिडिओ गेम खेळतो हे ऐकून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. उंचावोत बापड्या. माझे काही बंधू-धर्मगुरू बाग फुलवतात, एक जण टपालतिकिटे जमवतात आणि क्रिकेटच्या सामन्यापुढे रविवारची दुपार घालवणारे तर कितीतरी आहेत. मला हा छंद जडून तीस वर्षे झाली, आणि त्यातल्या माझ्या आवडीनिवडीही ठाम आहेत.

गोरेगावच्या सेमिनरीतून सुटीत घरी आलो की चुलत भावंडे 'टीव्ही गेम' पुढे करीत. निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली जपानात आणलेल्या 'फॅमिकॉम' यंत्राची ती स्वस्त नक्कल होती. कॅसेटवर शेकडो खेळ असल्याचे छापलेले असे. प्रत्यक्षात तेच दहा-बारा नाव बदलून फिरत. मारिओ उड्या मारी, 'कॉन्ट्रा'मध्ये गोळ्या झाडायच्या. माझी बोटे जड. पहिल्याच खड्ड्यात माझा अवतार संपे.

त्याच यंत्रावर १९८६ सालापासून 'ड्रॅगन क्वेस्ट' नावाचा अगदी वेगळा खेळ जपानी मुले खेळत होती, हे मला फार उशिरा कळले. युजी होरी यांनी तो रचला आणि अकिरा तोरियामा यांनी त्याची चित्रे काढली. अशा खेळांना 'रोल-प्लेइंग' म्हणतात: आपण कथेतील एका पात्राची भूमिका घ्यायची, गावोगाव हिंडायचे, लोकांशी बोलायचे, सवंगडी जोडायचे आणि हळूहळू बळ वाढवायचे. आपल्याकडच्या कॅसेटवर असला खेळ सहसा नसे. मजकूर जपानी, शिवाय खेळ एका बैठकीत संपणारा नव्हे, तेव्हा कुठवर आलो याची नोंद हवी. पहिल्या भागात ती नोंद म्हणजे वीस अक्षरांचा मंत्र होता. दुसऱ्यात तो बावन्न अक्षरांपर्यंत लांबला. मुलांनी तो वहीत उतरवून घ्यायचा. एक अक्षर चुकले की सारे मुसळ केरात! १९८८ च्या तिसऱ्या भागात कॅसेटच्या पोटात बॅटरी आली तेव्हा कुठे ही घोकंपट्टी सुटली.

माझी पहिली आवड इथेच सांगून टाकतो. लढाई पाळीपाळीने व्हावी. राक्षस समोर उभा आहे, पडद्यावर चार-पाच पर्याय आहेत, आणि तुम्ही निवड करीपर्यंत तो राक्षस तसाच ताटकळत उभा राहतो. तुम्ही चहा करून आलात तरी तो हलत नाही. 'फायनल फॅन्टसी' ही दुसरी नावाजलेली मालिका मला सुरुवातीला आवडे. पुढे ती सिनेमाच्या वळणाने गेली आणि २०२३ च्या सोळाव्या भागात तर सारी लढाई धावत्या बोटांवर आली. ज्यांची बोटे तरुण आहेत त्यांनी ती खुशाल खेळावी.

दुसरी आवड धर्मगुरूची आहे, हे कबूल करतो. 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये गावोगावी चर्च असते आणि खेळाची नोंद करायची ती तिथे जाऊन. प्लेस्टेशन टू वरच्या आठव्या भागात तर या नोंदीला इंग्रजीत चक्क 'कन्फेशन' म्हटले आहे. पापनिवेदन करा आणि इथवरची वाटचाल जतन करा! ही सेवा फुकट. पण मेलेला सवंगडी उठवायचा तर तेथील धर्मगुरू सोन्याची नाणी मोजून घेतो. आमच्या सेमिनरीत याला सिमोनी म्हणत. १९९० च्या सुमारास निन्टेन्डोने अमेरिकेतील आवृत्त्यांतून धार्मिक चिन्हे वगळली आणि चर्चचे 'आरोग्यगृह' केले. मला लोभी धर्मगुरूच अधिक पसंत आहे. निदान तो ओळखीचा वाटतो.

हा आठवा भाग मी कळंबला असताना खेळलो. आखाती देशातून परतलेल्या एका नातेवाइकाने यंत्र दिले होते. कर्जत-नेरळ परिसरात विखुरलेल्या आपल्या कुटुंबांची देखभाल माझ्याकडे होती आणि कळंबला भाड्याच्या दोन खोल्यांत मी राहत असे. पावसाळ्यात संध्याकाळनंतर कुणी फिरकत नसे. वीज केव्हा जाईल याचा नेम नाही आणि प्लेस्टेशनला बॅटरी नाही, त्यामुळे प्रत्येक चर्च दिसताच मी आधी नोंद करून घेई.

२००९ सालच्या जुलैतली ती रात्र. धुलमागस नावाच्या विदूषक-जादूगाराशी माझी लढाई चालली होती. तो एकदा हरला की रूप पालटून पुन्हा उभा राहतो. दुसरे रूप नुकतेच उभे राहिले होते, तोच दार वाजले. दहा-अकरा वर्षांचा मुलगा, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, मागे मोटारसायकलवर त्याचा काका.

"फादर, आजोबांनी तुम्हाला बोलावलंय. आत्ताच चला म्हणाले."

आजोबा महिनाभर अंथरुणाला खिळले होते; बोलावणे याआधीही दोनदा आले होते आणि दोन्ही वेळा ते उठून बसले होते. मी म्हणालो, "बाळ, दहा मिनिटं बस. आलोच."

दहाची पंचवीस झाली. धुलमागस मेला. मग मी अभ्यंगाचे तेल घेतले, रेनकोट चढवला आणि निघालो.

आम्ही पोहोचलो तेव्हा आजोबांची वाचा गेली होती. डोळे उघडे होते. मी अभ्यंग केला, प्रार्थना म्हटल्या. त्यांचे ओठ हलत राहिले, पण शब्द उमटला नाही. पहाटे ते गेले. सूनबाई म्हणाल्या, "फादर, थोडा वेळ आधी बोलत होते हो. तुमच्याशी काही बोलायचं आहे म्हणत होते."

वीज जाईल या भीतीने मी थांबलो, असे मी कित्येक महिने स्वतःला सांगत होतो. वीज त्या रात्री गेली नाही. आणि तो खेळ पाळीपाळीचा होता. कंट्रोलर खाली ठेवून मी गेलो असतो, तर परत येईपर्यंत राक्षस जागचा हलला नसता. ज्या गुणासाठी मला हे खेळ प्रिय, तोच गुण त्या रात्री समोर हजर होता.

२०११ साली मी हातात मावणारे निन्टेन्डो डीएस घेतले. झाकण मिटले की खेळ जिथल्या तिथे झोपी जातो. त्यावरच्या 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या नवव्या भागात चर्चशिवाय वाटेतही तात्पुरती नोंद करता येते. दुकानदाराने आवडीचे कारण विचारले तेव्हा मी बॅटरीचे नाव पुढे केले.

वर्षश्राद्धाच्या मिस्सेसाठी मी त्या घरी गेलो होतो, तेव्हा तो मुलगा चहाचा कप घेऊन आला. कप ठेवून तो जवळच घोटाळला आणि हळूच म्हणाला,

"फादर, त्या रात्री टीव्हीत तो राक्षस होता ना? तो मेला का?"

"मेला," मी म्हणालो.

"मी बघत होतो," तो म्हणाला, आणि बशीतली बिस्किटे माझ्यापुढे सरकवली.