अब्बांची रद्दी

माझे अब्बा कातिब होते. उर्दू वर्तमानपत्राचे रकाने ते हाताने लिहायचे. १९८१ साली लाहोरच्या 'जंग'ने संगणकावरची नस्तालीक अक्षरे वापरायला सुरुवात केली. पुढे ती मुंबईतही आली. अब्बांचे काम सुटले, मश्क मात्र सुटली नाही. फजरनंतर बोरू घेऊन बसायचे आणि कागद काळा होईपर्यंत तेच दोन-तीन हुरूफ एकावर एक लिहायचे.

त्यांच्या इंतकालानंतर आम्ही मुंब्र्याहून शीळफाट्याला राहायला आलो. सामान बांधताना मश्कीचे गठ्ठे मी रद्दीत दिले. ज्यात वाचण्यासारखे काही नाही, ते कागद कशाला ठेवायचे? भिंतीवरची 'बिस्मिल्लाह'ची तसबीर तेवढी आणली.

गेल्या वर्षी शाळेत सुलेखन शिकवायचे म्हणून वाचू लागले, तेव्हा कळले की अशा कागदांना 'सियाह मश्क' म्हणतात आणि थोर उस्तादांचे असे कागद संग्रहालयांत जपले आहेत. चीनमध्येही तसेच. वांग शीझी यांनी इ.स. ३५३ मध्ये लिहिलेली 'लानथिंग'ची प्रस्तावना तिथे सुलेखनाचा सर्वोच्च नमुना मानतात. तो कच्चा खर्डा होता. मूळ कागद आज नाही. पण नक्कल करणाऱ्यांनी त्यातली खाडाखोडसुद्धा जशीच्या तशी उतरवली.

चिनी रसिक केवळ मजकूर वाचत नाही. कुंचला कुठे टेकला, कुठे दाबला, शाई कुठे संपत आली, त्या वाटेने तो नजर फिरवतो. लिहिणाऱ्याचा हात त्याला दिसतो. तिथले मुसलमान खत्तात कुंचल्याने अरबीही लिहितात.

आपली खत्तातीही अशीच पाहावी. बोरूच्या टोकाने उमटणारा चौकोनी नुक्ता हे माप. अलिफ किती नुक्त्यांचा उंच, नूनची वाटी किती नुक्त्यांची रुंद, ते मोजावे. मग अक्षरांमधली कोरी जागा पाहावी. अर्थ शेवटी.

हे कळले तेव्हा गठ्ठे गेलेले होते. पेटीच्या तळाशी अंथरलेला एकच कागद उरला आहे. त्यावर नुसते नून आहेत. मुलीने एकेका वाटीवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "अम्मी, खालच्या ओळीत नानांचा हात थरथरलाय."

इतकी वर्षे भिंतीवरच्या तसबिरीत मला ते दिसले नव्हते. तुमच्या घरी असा काळा झालेला कागद असेल, तर रद्दीत टाकण्याआधी एकदा उजेडात धरा.